आवाज फाटतो म्हणून व्हॉल्व्ह बदलू नका, आधी व्होल्टेज मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरआधीच्या काळातल्या निर्वात काचनळ्या) ॲम्प्लिफायरविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. ज्या विषयावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही त्याला आपण एवढी जागा दिलीत, सर्किटही छापलेत, याचा मनापासून आनंद झाला. मात्र आवाज फाटू लागल्यास काय करावे, या शेवटच्या भागातला सल्ला वाचून स्वस्थ बसवेना. व्हॉल्व्ह जुने झाले असतील, ते बदलून पाहावेत. तेवढ्याने भागले नाही तर निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा करून पुन्हा इनपुटला देणे, वाढवावा. आणि तरीही आवाज थोडा फाटलाच तर तो व्हॉल्व्हचा अंगभूत गोडवा समजावा, असा त्या सल्ल्याचा आशय आहे. या तिन्ही गोष्टी नवख्या माणसाला चुकीच्या वाटेला लावणाऱ्या आहेत असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मी ऐकीव माहितीवर नव्हे, तर स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर वाया घालवलेल्या तीन आठवड्यांच्या आधारावर मांडत आहे.

माझा ॲम्प्लिफायर रचनेने अगदी साधा आहे. पुढे ईसीसी८३ या दुहेरी ट्रायोडचा एक भाग, मागे एकच ईएल८४ पेंटोड, त्यानंतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि ८ ओहमचा स्पीकर. (ट्रायोडमध्ये तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते ओढून घेते आणि मधला ग्रिड, म्हणजे जाळी, तो प्रवाह कमी-जास्त करतो. पेंटोडमध्ये स्क्रीनसारख्या आणखी जाळ्या असतात.) आपण छापलेले सर्किटही जवळजवळ हेच आहे. चालू केल्यावर पहिली दहा-बारा मिनिटे आवाज स्वच्छ असे. मग गाणारा आवाज वरच्या पट्टीत गेला की त्याच्या कडेला बारीक खरखर लागे, आणि पंधरा-वीस मिनिटांनी तर साधे बोलणेसुद्धा फाटके ऐकू येई. मीही तेव्हा हेच केले, जे आपला लेख सांगतो. ॲम्प्लिफायर बंद केला, थंड होऊ दिला, नवा ईएल८४ बसवला आणि पुन्हा चालू केला. आवाज सुधारला! दोष सापडला असे समजून मी त्या संध्याकाळी दहा मिनिटांतच ऐकणे आटोपले. दुसऱ्या दिवशी खरखर परत आली. मग ईसीसी८३ बदलला, पुन्हा आवाज सुधारला, पुन्हा थोड्या वेळाने बिघडला. दुसरा नवा ईएल८४ आणला, त्याचीही तीच कथा झाली.

या अनुभवातली फसगत नीट समजून घेण्यासारखी आहे. व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे ॲम्प्लिफायर बंद करावा लागतो आणि व्हॉल्व्हची काच हात लावण्याइतकी निवेपर्यंत थांबावे लागते. माझ्या सर्किटातला दोष उष्णतेने वाढणारा होता, त्यामुळे थांबण्याच्या त्या अर्ध्या तासात तो आपोआप दबत होता. गुण विश्रांतीचा होता आणि श्रेय नव्या व्हॉल्व्हला मिळत होते. तोच जुना व्हॉल्व्ह काढून पुन्हा त्याच सॉकेटात बसवला असता, तरी मला तितकाच फरक ऐकू आला असता. म्हणून व्हॉल्व्ह बदलून पाहणे ही चाचणी आहे असे मी मानतच नाही. जिचे उत्तर दर वेळी ‘हो’ असे येऊ शकते, तिच्यावर विसंबून खरेदी करणे योग्य नव्हे.

अखेर मी मल्टिमीटर हातात घेतला, आणि जे काम पहिल्या दिवशी दहा मिनिटांत व्हायला हवे होते ते तीन आठवड्यांनी दहा मिनिटांत झाले. ईएल८४ च्या उत्पादकांनी दिलेली आकडेवारी अशी आहे की प्लेट आणि स्क्रीनवर २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टर अशी जोडणी असेल तर प्लेटमधून ४८ मिलिॲम्पिअर, स्क्रीनमधून ५.५ मिलिॲम्पिअर प्रवाह जातो, आणि कॅथोडवर सुमारे ७.३ व्होल्ट दिसतात. माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये आवाज फाटत असताना कॅथोडवर १०.१ व्होल्ट होते. १०.१ ला १३५ ने भागले की ७५ मिलिॲम्पिअर येतात. स्क्रीनच्या वाट्याचे सात-आठ मिलिॲम्पिअर वजा केले, आणि उरलेल्या प्रवाहाला प्लेट व कॅथोड यांच्यामधल्या २१५ व्होल्टांनी गुणले, तर व्हॉल्व्हच्या प्लेटवर १४ वॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होत होती. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट आहे. म्हणजे मी एकामागून एक दोन नवे, चांगले व्हॉल्व्ह आणून ते दोन्ही मर्यादेबाहेर तापवत होते. व्हॉल्व्ह हे बिघाडाचे कारण नव्हते, त्या बिघाडाचा फटका त्यांनाच बसत होता.

पुढचा प्रश्न असा की प्रवाह वाढला कशामुळे? अशा सर्किटात ईएल८४ च्या ग्रिडवर चासिसच्या, म्हणजे सर्व भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्याच्या, तुलनेत शून्य व्होल्ट असायला हवेत, कारण तो ग्रिड ४७० किलोओहमच्या रेझिस्टरने चासिसला जोडलेला असतो आणि त्यातून प्रवाह वाहण्याचे काही कारण नसते. माझ्याकडे तिथे ४.६ व्होल्ट, तेही धन, सापडले. धन व्होल्टेज येण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक तर आधीच्या टप्प्यातल्या ट्रायोडच्या प्लेटवरून येणारा कपलिंग कंडेन्सर (लहर पुढे जाऊ देणारा, पण डीसी अडवणारा) लीक झालेला असतो आणि प्लेटवरचे १७० व्होल्ट त्यातून हळूहळू पाझरतात. नाहीतर ईएल८४ च्या आतच दोष असतो, म्हणजे पोकळीत थोडा वायू शिरलेला असतो किंवा ग्रिड तापून स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो. दोन्हींत ग्रिडवर दिसणारे व्होल्टेज सारखेच, उपाय मात्र अगदी वेगळे. सुदैवाने त्यांतला भेद ओळखणे सोपे आहे. ॲम्प्लिफायर बंद करावा, फिल्टर कंडेन्सर (पुरवठ्याचे व्होल्टेज सपाट करणारे, भार साठवणारे) रिकामे झाल्याची खात्री करावी, ईएल८४ सॉकेटातून काढावा आणि त्याच्याशिवाय ॲम्प्लिफायर पुन्हा चालू करून रिकाम्या सॉकेटाच्या २ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे ग्रिडवर, मोजावे. व्होल्टेज नाहीसे झाले तर दोष व्हॉल्व्हचा, टिकून राहिले तर कंडेन्सरचा. माझ्याकडे ते नुसते टिकले नाही, तर ४.९ पर्यंत चढले, कारण ईएल८४ चा भार गेल्यामुळे एचटीचे (हाय टेन्शन, म्हणजे प्लेटला मिळणाऱ्या उच्च पुरवठ्याचे) व्होल्टेजही वाढले होते. (ही चाचणी करण्याआधी फिल्टर कंडेन्सर त्या वाढीव व्होल्टेजला पुरतील अशा क्षमतेचे आहेत ना, हे त्यांच्यावरचा आकडा वाचून पाहावे.)

४७० किलोओहमवर ४.६ व्होल्ट म्हणजे जेमतेम १० मायक्रोॲम्पिअर, एका ॲम्पिअरचा एक लाखावा भाग. एवढ्याशा पाझरण्याने सगळा ॲम्प्लिफायर बिघडत होता. तो कंडेन्सर मी एका जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतून काढून वापरला होता. मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर, ०.१ मायक्रोफॅरडचा, दोन्ही टोकांना मेणाला केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या, आणि जागा अशी की ईएल८४ च्या सॉकेटापासून दोन बोटांवर. बसवण्यापूर्वी मी तो मीटरवर तपासला होता. क्षमता बरोबर आली होती, आणि ओहमच्या रेंजवर त्यातून जराही प्रवाह जात नसल्याचे दिसले होते. इथे लक्षात घ्यायचे ते असे की मल्टिमीटर ओहम मोजताना कंडेन्सरवर फार थोडे व्होल्ट देतो. खऱ्या सर्किटात त्याच कंडेन्सरवर १७० व्होल्टांचा ताण असतो आणि शेजारच्या व्हॉल्व्हची धग असते. वर्षानुवर्षे ओल धरलेला कागद काही व्होल्टांना दाद देत नाही, पण दीडशे-दोनशे व्होल्टांना देतो, आणि तापला की अधिकच देतो. म्हणून कपलिंग कंडेन्सरची परीक्षा सर्किटात, पूर्ण व्होल्टेजवर आणि यंत्र वीस-पंचवीस मिनिटे तापल्यावरच घ्यावी. मी तिथे ६३० व्होल्टांचा पॉलिप्रोपिलीन कंडेन्सर लावला, तोही सॉकेटापासून दूर. ग्रिडवरचे व्होल्टेज मीटरला जाणवेनासे झाले, कॅथोड ७.२ वर आला, आणि पहिला जुना ईएल८४, जो मी निकामी समजून बाजूला ठेवला होता, तो आजही त्याच ॲम्प्लिफायरमध्ये उत्तम वाजतो आहे.

ग्रिडवर थोडे धन व्होल्टेज आल्याने आवाज का फाटावा, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा सल्ला नुसता तोडगा ठरेल. ग्रिड जोवर कॅथोडच्या तुलनेत ऋण आहे तोवर तो प्रवाह घेत नाही आणि ट्रायोडकडून आलेली लहर जशीच्या तशी पुढे जाते. माझ्याकडे कॅथोड १०.१ वर आणि ग्रिड ४.६ वर, म्हणजे खरा बायस (कॅथोडच्या तुलनेत ग्रिड जितका ऋण असतो ते व्होल्टेज) ५.५ व्होल्टच उरला होता. सव्वासात व्होल्टांच्या जागी साडेपाच व्होल्टांच्या लहरीलाच ग्रिड शून्याला भिडत होता, त्या शिखरावर तो प्रवाह ओढू लागत होता, आणि ट्रायोडला तो प्रवाह पुरवता येत नसल्याने लहरीचा माथा चपटा होत होता. शिवाय ग्रिडने ओढलेला हा प्रवाह कपलिंग कंडेन्सरला जादा भारित करून ग्रिडला अधिक ऋण करतो. तो भार ४७० किलोओहममधून ओसरायला ०.१ मायक्रोफॅरडच्या हिशेबाने ४७ मिलिसेकंदांच्या पटीत वेळ लागतो, आणि तेवढा काळ व्हॉल्व्ह जवळजवळ बंद राहतो. मोठ्या ठोक्यानंतर आवाज क्षणभर गुदमरल्यासारखा होतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. कंडेन्सर उत्तम असला तरी व्हॉल्यूम बेताबाहेर वाढवल्यावर हा प्रकार होतो, पण तेव्हा व्हॉल्यूम उतरवला की तो थांबतो. लीक कंडेन्सरमुळे तो नेहमीच्या आवाजातही होऊ लागतो.

व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनवरचे डीसी व्होल्टेज मोजण्याने इतरही कितीतरी दोष असेच हाती लागतात. एका परिचितांच्या ॲम्प्लिफायरचा आवाज पहिल्या दिवसापासून क्षीण आणि फाटका होता. त्यांनीही व्हॉल्व्हच बदलून पाहिले होते. ईसीसी८३ च्या प्लेटवर मोजले तर जवळजवळ पूर्ण एचटी व्होल्टेज. १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर आणि १.५ किलोओहमचा कॅथोड रेझिस्टर असेल, तर २५० व्होल्टांच्या पुरवठ्यावर हा ट्रायोड सुमारे ०.८ मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे प्लेटवर १७० च्या जवळपास आणि कॅथोडवर १.२ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. पूर्ण पुरवठा प्लेटवर दिसतो याचा अर्थ व्हॉल्व्हमधून प्रवाह जातच नाही. दिवे मालवून पाहिले तेव्हा कारण डोळ्यांनीच दिसले: फिलामेंट मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. या व्हॉल्व्हच्या हीटरचे दोन भाग असतात, ६.३ व्होल्टांवर चालवताना ४ आणि ५ या पिना एकत्र जोडून त्या आणि ९ क्रमांकाची पिन यांच्यामध्ये पुरवठा द्यायचा असतो. त्यांनी तो ४ आणि ५ यांच्यामध्ये दिला होता, म्हणजे जिथे १२.६ व्होल्ट हवेत तिथे निम्मेच मिळत होते. एक तार हलवली आणि ॲम्प्लिफायर खणखणीत वाजू लागला.

याच मोजणीत कॅथोडचा बायपास कंडेन्सर (कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर जोडलेला) शॉर्ट झालेला सापडतो, कारण कॅथोडवर शून्य व्होल्ट दिसतात आणि प्लेट लाल होऊ लागते, अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे. जुना कार्बन रेझिस्टर वयाबरोबर वाढून १०० किलोओहमचा कितीतरी जास्त झालेला सापडतो. ग्रिडचा रेझिस्टर तुटला किंवा त्याचे सोल्डर कोरडे राहिले तर मात्र मीटर थोडा फसवतो, कारण मीटरची पिन ग्रिडला लावताच मीटर स्वतःच त्या रेझिस्टरचे काम करू लागतो आणि तेवढ्यापुरता आवाज सुधारतो. मोजताना आवाज सुधारला तर दोष तिथेच आहे असे समजून बंद यंत्रावर तो रेझिस्टर टोकापासून टोकापर्यंत मोजावा.

सर्व डीसी व्होल्टेज बरोबर असूनही आवाज फाटत असेल, तेव्हा लहरीचा माग काढण्याची वेळ येते. त्याआधी दुसरा स्पीकर आणि दुसरा आवाजाचा स्रोत लावून पाहावा, कारण स्पीकरची कॉइल घासत असेल तर ॲम्प्लिफायर उघडण्याचे कारणच नाही. नंतर १००० हर्ट्झची साधी साइन लहर देऊन ऑसिलोस्कोपने प्रत्येक टप्प्यावर पाहत जावे. स्कोप नसेल तर संगणकाच्या साउंड कार्डानेही काम होते, मात्र मध्ये व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी आणि डीसी अडवणारा, पुरेशा व्होल्टेजचा कंडेन्सर असल्याशिवाय ते प्लेटला कदापि जोडू नये. ट्रायोडच्या प्लेटवर लहर उलटी होते, त्यामुळे तिथे खालचे टोक चपटे दिसले तर ग्रिड प्रवाह ओढतो आहे, आणि वरचे टोक चपटे दिसले तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो आहे, असा अर्थ घ्यावा. बायस कमी की जास्त, हे त्या एका दृष्टिक्षेपात कळते.

आता फीडबॅक. निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत काम करत असताना सुचली, आणि तिच्यामुळे ध्वनीच्या क्षेत्रात केवढी क्रांती झाली हे मी जाणते. फीडबॅकमुळे ॲम्प्लिफायर लहर जितक्या पटीने वाढवतो ते प्रमाण दहाव्या हिश्श्यावर आले की डिस्टॉर्शन, म्हणजे लहरीचा आकार बिघडणेही, ढोबळमानाने त्याच प्रमाणात कमी होते. पण हे जोवर प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेत चालतो आहे तोवरच खरे आहे. लहरीचा माथा एकदा कापला गेला, की फीडबॅकला तो परत आणता येत नाही. उलट राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी तो पुढच्या टप्प्याला आणखी जोराने ढकलतो आणि कापलेली कड अधिकच तीक्ष्ण होते. माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये लीक कंडेन्सर तसाच ठेवून फीडबॅक वाढवला असता, तर मंद आवाजात खरखर कमी ऐकू आली असती, व्हॉल्व्ह मात्र १४ वॅटांवर तापतच राहिला असता आणि दोष काही महिने लपून राहिला असता. दोष शोधताना म्हणूनच फीडबॅकची तार तात्पुरती सोडवावी आणि वाढलेल्या आवाजाच्या हिशेबाने व्हॉल्यूम कमी करून तपासावे. ती तार जोडलेली असताना शेवटच्या टप्प्यातला दोष पहिल्या टप्प्यावरही दिसतो आणि शोधणारा गोल गोल फिरत राहतो.

फीडबॅक वाढवण्यात दुसरा धोका आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर अतिउच्च वारंवारतेला लहरीची कला (फेज, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ) बदलतो, आणि जो फीडबॅक मधल्या सुरांना निगेटिव्ह असतो तोच तिथे पॉझिटिव्ह होऊन ॲम्प्लिफायर स्वतःच दोलन करू लागतो. हे दोलन कानाच्या कक्षेबाहेर असते. ऐकणाऱ्याला फक्त एवढेच कळते की आवाज कोरडा, चिरका झाला आहे आणि व्हॉल्व्ह विनाकारण तापतो आहे. स्कोपवर साइन लहरीची रेघ एखाद्या ठिकाणी फुगीर, केसाळ दिसते. सिग्नल नसतानाही तारा थोड्या हलवल्यावर कॅथोडचे व्होल्टेज बदलत असेल, तर दोलनाची शंका घ्यावी. ईएल८४ हा फार संवेदनशील व्हॉल्व्ह आहे, ग्रिडवरच्या एका व्होल्टाच्या बदलाला त्याचा प्लेट प्रवाह ११ मिलिॲम्पिअरांहून अधिक बदलतो, म्हणून त्याच्या ग्रिडला एक-दोन किलोओहमचा रेझिस्टर अगदी सॉकेटाच्या पिनवरच सोल्डर केलेला असावा. आपण छापलेल्या सर्किटात तो नाही. चार इंच तारेनंतर लावलेला असा रेझिस्टर जवळजवळ नसल्यासारखाच असतो. फीडबॅक जोडताच ॲम्प्लिफायर किंचाळू लागला तर मात्र ट्रान्सफॉर्मरची टोके उलट जोडली गेली आहेत एवढाच त्याचा अर्थ, ती अदलाबदल करून घ्यावीत.

ट्रान्सफॉर्मरविषयी थोडक्यात. फक्त खर्जाचे सूर फाटत असतील आणि बाकी आवाज निर्मळ असेल, तर गाभा संपृक्त होतो आहे, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, असे धरून चालावे, कारण तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर गाभ्यात १०० हर्ट्झच्या दुप्पट चुंबकीय प्रवाह लागतो. एकाच व्हॉल्व्हच्या सर्किटात प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यातून) सतत ४८ मिलिॲम्पिअर डीसी वाहतो, आणि तो सोसण्यासाठी गाभ्यात हवेची फट ठेवलेली असावी लागते. पुश-पुलसाठी, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीसाठी, बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरात ती साधारणतः नसते. स्पीकरचा ओहमही जुळायला हवा. ईएल८४ ला लागणारा ५२०० ओहमचा भार ८ ओहमच्या स्पीकरवरून मिळवायचा तर वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे २५.५ लागते, आणि त्या टोकांना ४ ओहमचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला निम्माच, २६०० ओहमचा, भार दिसतो.

राहता राहिला गोडवा. उत्पादकांच्या माहितीपत्रकातच ईएल८४ ची ५.७ वॅट ही कमाल क्षमता १० टक्के डिस्टॉर्शनसह दिलेली आहे, हे खरे. म्हणजे एकट्या व्हॉल्व्हकडून शेवटचा वॅट काढू पाहणाऱ्याला निर्दोष सर्किटातही आवाज फाटलेला ऐकू येणारच, आणि त्यावर उपाय व्हॉल्यूम कमी करणे किंवा अधिक कार्यक्षम स्पीकर वापरणे हाच आहे. हेही खरे की असा एकटा व्हॉल्व्ह मुख्यतः दुप्पट वारंवारतेचा सूर मिसळतो, तो मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर असल्याने एकट्या बासरीला खटकत नाही. परंतु ज्या वक्रतेतून तो सूर जन्मतो, तीच वक्रता दोन सूर एकत्र आले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही जन्माला घालते. ४०० आणि ५३० हर्ट्झचे दोन सूर दिले तर १३० आणि ९३० हर्ट्झचे असे सूर उमटतात जे कोणी वाजवलेलेच नसतात. अनेक वाद्ये एकत्र वाजताना आवाज गढूळ होतो तो यामुळे. आणि लीक कंडेन्सरने कापलेल्या माथ्यातून तर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या पटीचे कर्कश सूर निघतात, त्यांना गोडवा म्हणून स्वीकारा असे वाचकांना सांगणे मला अजिबात पटत नाही. ज्याने महिना-दोन महिने खपून, हाताने चासिस कापून, एकेक सांधा सोल्डर करून यंत्र उभे केले, त्याला ते चांगले वाजताना ऐकण्याचा हक्क आहे.

एका गोष्टीचा उल्लेख लेखात नाही याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. एचटीचे २५०-३०० व्होल्ट प्राणघातक आहेत, आणि प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते बराच वेळ साठून राहू शकतात. शेवटच्या फिल्टर कंडेन्सरवर २२० किलोओहमचा, किमान १ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडलेला असावा. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून एका मिनिटात दोन व्होल्टांच्या खाली उतरतो. तरीही दर वेळी मीटरने खात्री करूनच हात घालावा, कारण तो रेझिस्टरसुद्धा तुटलेला असू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून कंडेन्सर रिकामा करण्याची सवय वाईट. चालू यंत्रावर मोजताना मीटरची काळी पिन क्लिपने चासिसला पक्की लावावी आणि दुसरी पिन एकाच हाताने धरावी, दुसरा हात यंत्रापासून दूर ठेवावा. आणि स्पीकर किंवा त्याच्याजागी योग्य रेझिस्टर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायरला सिग्नल कधीच देऊ नये, त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचे इन्सुलेशन फुटते.

म्हणून माझी आपल्याला दोन बाबतींत विनंती आहे. पुढच्या पुरवणीत उच्च व्होल्टेजविषयीची सूचना ठळकपणे छापावी. ज्यांनी लेख वाचून काम सुरू केले असेल त्यांच्यापर्यंत ती लवकर पोचली पाहिजे. आणि यापुढे कोणतेही सर्किट छापताना रेझिस्टर-कंडेन्सरच्या मूल्यांबरोबर (ओहम, मायक्रोफॅरड) प्रत्येक प्लेट, स्क्रीन, ग्रिड आणि कॅथोडवर किती व्होल्ट दिसायला हवेत तेही छापावे. जुन्या रेडिओंच्या दुरुस्तीच्या तक्त्यांत हे आकडे असत, आणि म्हणूनच त्या काळचा कारागीर एका साध्या मीटरवर दोष शोधू शकत असे. आपल्या सर्किटाशी मिळत्याजुळत्या माझ्या ॲम्प्लिफायरची अशी सर्व मोजमापे, थंड असताना, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने घेतलेली, या पत्रासोबत जोडली आहेत. लेखकांनी आपल्या यंत्रावर ती पडताळून पाहावीत आणि कुठे फरक आढळल्यास तो जरूर प्रसिद्ध करावा.

आपली नम्र,
एक वाचक